कलावंतांवरची माहितीपट मालिका सुचवा (आरती ओवाळणारी नको)

मंडळी, चित्रकार, गायक, लेखक यांच्यावरची एखादी चांगली माहितीपट मालिका सांगाल का? मध्यंतरी दोन-तीन पाहिल्या. पाच-सहा जण खुर्चीत बसून आळीपाळीने 'काय थोर माणूस!' म्हणतात, मागे पियानो. तास संपतो आणि त्या माणसाने नेमकं केलं काय, तेच राहून जातं. इंग्रजी चालेल.

प्रतिसाद १
'अमेरिकन मास्टर्स' बघा. पीबीएस या अमेरिकन वाहिनीवर १९८६ पासून चालू आहे, त्यामुळे साठा दांडगा. सगळेच भाग चांगले आहेत असं नाही, खोटं कशाला बोलू. सुरुवात गायक बॉब डिलनवरच्या 'नो डिरेक्शन होम'ने करा. मार्टिन स्कॉर्सेसीने केलाय. साडेतीन तासांचा आहे, तरी १९६६ च्या मोटरसायकल अपघातापाशी थांबतो. अख्खं आयुष्य कोंबायचा हव्यास नाही, म्हणून जमलाय. साधी गिटार सोडून इलेक्ट्रिक गिटार घेतली म्हणून मँचेस्टरच्या प्रेक्षकांतून एक जण 'जुडास!' (येशूला दगा देणारा शिष्य, म्हणजे गद्दार) असं ओरडतो, ते खरं चित्रीकरण त्यात आहे. डिलन वळून साथीदारांना सांगतो, अजून जोरात वाजवा. आरती वगैरे काही नाही!

प्रतिसाद २
डिलनला +१. पण माझं मत ब्रिटनच्या 'साउथ बँक शो'ला. त्यातला १९८५ चा चित्रकार फ्रान्सिस बेकनवरचा भाग शोधा. मेल्विन ब्रॅग आधी स्लाइडवर चित्रं दाखवत शहाण्यासारखे प्रश्न विचारतो. मग दोघं जेवायला बसतात, वाइन येते, पुन्हा येते, आणि मुलाखत घेणारा नि देणारा दोघांच्याही जिभा जड होतात. एरवी असलं कापून टाकतात. इथे ठेवलंय, आणि बेकन त्यातच सगळ्यात जास्त कळतो.

धागाकर्ती
दोन्ही लिहून घेतले. सोबत बारा वर्षांची लेक बसणार आहे, ती व्हायोलिन शिकते. बेकन चालेल का?

प्रतिसाद २
अरे बापरे, नको! तिला बीबीसीच्या 'मॉनिटर'मधला संगीतकार एल्गारवरचा भाग दाखवा, १९६२ चा, केन रसेलचा. कृष्णधवल आहे. नट आहेत, पण त्यांना बोलायची मुभाच नव्हती, त्यामुळे निवेदन आणि संगीत एवढ्यावरच सगळं पेललंय. लहानगा एल्गार तट्टावरून टेकड्यांवर दौडतो आणि मागे त्याचंच संगीत. ते बघून ती कंटाळली तर मला येऊन बोला.

प्रतिसाद १
एल्गार राहिलाच होता माझा. आभार.

धागाकर्ती
ठरलं. संध्याकाळी एल्गार, लेक झोपली की बेकन. डिलन रविवारी.