मदत हवी आहे: स्ट्रॅप लॉकचा स्क्रू भोकात नुसताच फिरतो

मंडळी, एसजी आकाराच्या इलेक्ट्रिक गिटारला शालर कंपनीचे एस-लॉक (पट्टा गिटारवरच्या बटणांना पक्का जखडणारे स्ट्रॅप लॉक) बसवतोय. गॅदरिंगला उभं राहून वाजवायचंय, पट्टा निसटून गिटार स्टेजवर आपटायला नको.

खालचं बटण निमूट बसलं. घोळ आहे तो नेकच्या मुळाशी असलेल्या बटणाचा. जुना स्क्रू जाड, नवा बारीक. जुना वापरावा तर त्याचं डोकं नव्या बटणात बसत नाही. त्यात एसजीचा नेक खाली झुकणारा, म्हणजे सगळा ताण नेमका तिथेच. काडेपेटीच्या काड्या फेविकॉल लावून भोकात ठोकायच्या आणि सुकल्यावर स्क्रू पिळायचा, असं एकाने सांगितलं. हे महोगनीत टिकतं का? की लाकडी खुंटी बसवून नव्याने ड्रिल करू? करायचं तर बिट किती मिमीचं?

शिवाय माझा चामड्याचा पट्टा चांगलाच जाड आहे, लॉकच्या नटला जेमतेम एखादा आटा मिळतो. भोकाभोवती चामडं मागून तासलं तर चालेल का? जाड पट्ट्यावर कोणी डनलॉपचे स्ट्रॅपलॉक वापरले असतील तर त्यांचाही अनुभव सांगा.

रबरी वॉशर सुचवू नका, घरी सरावाला तेच लावतो. पुण्यात हे काम हळुवार हाताने करणारं कोणी माहीत असेल तर कळवा.