कुंडीसाठी माती की कोकोपीट? मिश्रण ठरवायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बाल्कनीत जास्वंद, नेचे आणि अडेनियम (वाळवंटी गुलाब) आहेत. सगळ्या कुंड्यांत अर्धी चिकणमाती, अर्धं शेणखत. पाणी घातलं की वर तळं साचतं. माती सुकली की कुंडीच्या कडेपासून सुटते आणि पुढचं पाणी त्या फटीतून थेट बशीत. मधला गोळा कोरडा, तळाशी चिखल. परवा जास्वंद कुंडीतून काढून पाहिली. वरची मुळं पांढरी होती, तळाची मात्र तपकिरी. चिमटीत धरली तर साल सुटून आतला दोरा तेवढा हातात राहिला. वर अजून कळ्या आहेत, म्हणून फार जीव तुटतोय.

माती सोडून पूर्ण कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याचा भुसा) जावं का? ते वरून सुकलं तरी आत ओलं असतं म्हणे, मग पाण्याचा अंदाज कसा घ्यायचा? तळाशी खडीचा थर द्यावा का? आणि अडेनियमला नेच्याचंच मिश्रण चालेल असं मला तरी वाटत नाही.

प्रतिसाद :

आधी खडीचं, कारण हा गैरसमज फार पसरलाय. खडी नकोच. बारीक कणांतलं पाणी खालच्या जाड थरात सहजी उतरत नाही, वरचा थर पुरता भिजेपर्यंत तिथेच अडकून राहतं. म्हणजे खडीमुळे चिखलाचा पट्टा उलट मुळांच्या जवळ येतो. भोकावर जाळीचा तुकडा पुरे. बशीतलं पाणी मात्र दर वेळी ओतून टाका.

नुसतं कोकोपीटही नको. ते वजनाच्या 8-9 पट पाणी धरतं, पण त्यात पोषण जवळपास नसतं. कोकोपीटची दाबलेली वीट मिळते, ती भिजवून 2-3 पाण्यांनी धुवा, क्षार निघून जातात. जास्वंदीला 4 भाग कोकोपीट, 3 भाग गांडूळखत, 3 भाग पर्लाइट (फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे) द्या. पर्लाइट नसेल तर जाडी, चाळलेली वाळू. बारीक वाळूने पोकळ्या बुजतात. नेच्याला कोकोपीट थोडं वाढवा. अडेनियमचं तुमचं बरोबर आहे, त्याला निम्म्याहून जास्त पर्लाइट किंवा जाडी वाळू हवी.

पाण्याचा अंदाज कुंडी उचलून घ्या, वजन लगेच कळतं. जास्वंदीची कुजलेली मुळं स्वच्छ कात्रीने कापा, उरलेल्या मुळांना बेताची होईल एवढीच कुंडी घ्या आणि नवी पालवी फुटेपर्यंत मिश्रणातल्या गांडूळखताशिवाय वेगळं खत देऊ नका. कळ्या खुडाव्या लागतील, पण झाड वाचेल असं वाटतंय.