तुमच्या गावचा रविवार कसा असतो?

जर्मनीत आल्यावर पहिल्याच रविवारी घरातलं दूध संपलं आणि कळलं, इथे दुकानं बंद म्हणजे खरोखर बंद. रविवारच्या विश्रांतीला थेट राज्यघटनेचं संरक्षण आहे. ते कलम १९१९च्या वायमार घटनेतून जसंच्या तसं उचललंय. पुण्यात रविवार म्हणजे मटणाच्या दुकानापुढची रांग आणि आठवड्याची भाजी, इथे नुसती शांतता.

मग करायचं काय? आयफेल टॉवर आणि बर्फातले फोटो खूप झाले. युरोपातल्या मराठी मंडळींनो, गावाकडून पाहुणे आलेले नसताना तुम्ही राहता तिथे रविवारी कुठे जाता, काय फजिती झाली, ते लिहा. सुरुवात मीच करते.

श्टुटगार्ट

चौथा मजला, लिफ्ट नाही. लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांची पिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या, काचेचा कचरा टाकायच्या पिंपाकडे गेले. पहिली बरणी टाकली, खळ्ळ! दुसरी हातात असतानाच वरच्या खिडकीतून एका आजींचा आवाज आला, "आज रविवार आहे!" पिंपावर वेळ लिहिलेली होती, सोमवार ते शनिवार. उरलेल्या बरण्या घेऊन परत चार मजले वर.

त्या आजी आमच्याच इमारतीतल्या. पुढच्या आठवड्यात दाराला एक पाटी लटकलेली दिसली तेव्हा त्यांनीच अर्थ सांगितला. 'केरवोखं' ही श्वाबी, म्हणजे श्टुटगार्टच्या भागातल्या लोकांची जुनी रीत. पाटी ज्याच्या दाराला, त्याने त्या आठवड्यात जिना झाडायचा, पुसायचा आणि मग पाटी शेजाऱ्याच्या दाराला अडकवायची. जर्मनमध्ये 'केरन' म्हणजे झाडणं. म्हणजे केर काढणंच की! मी हसले, आजींना कळेना का.

आता रविवारी आम्ही दोघी 'बेझन'ला जातो. बेझन म्हणजेही झाडू. द्राक्षबागायतदाराने घराबाहेर झाडू टांगला की आत घरची वाइन आणि साधं जेवण मिळतं. वर्षातून जास्तीत जास्त चार महिने आणि चाळीस खुर्च्या, असा नियम. मळे शहरातच आहेत, उतारावर. वर जायला दगडी पायऱ्यांच्या वाटा, 'श्टेफले', अशा चारशेहून जास्त. आमच्याकडे केरसुणीला लक्ष्मी मानतात, पाय लागू देत नाहीत, हे सांगितल्यावर आजी म्हणाल्या, "मग तुम्ही श्वाबीच." मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८पासून जुळी शहरं आहेत, हे मात्र मला इथे आल्यावर समजलं.

बाझल

मी सांगलीचा, पोहायला कृष्णेत शिकलो. इथे स्वित्झर्लंडमध्ये उन्हाळ्यातल्या रविवारी अर्धं गाव ऱ्हाईन नदीत असतं. कपडे, मोबाइल, चपला सगळं माशाच्या आकाराच्या जलरोधक पिशवीत घालायचं, तोंड गुंडाळून बंद करायचं आणि पिशवीला धरून प्रवाहाबरोबर वाहत जायचं. टिंगली संग्रहालयाजवळ शिरायचं, खाली कुठेतरी निघायचं. पहिल्यांदा मी तोंड नीट गुंडाळलं नाही. बाहेर आलो तेव्हा चपला कोरड्या होत्या, मोबाइल गेला होता. कसं ते विचारू नका.

पोहता न येणाऱ्यांनी होडीत बसावं. चार होड्या आहेत, एकीलाही इंजिन नाही. नदीवर आडवी तार बांधलीय, होडी तिला जोडलेली. सुकाणू वळवलं की प्रवाहच तिला पलीकडे ढकलतो. माझ्या वडिलांनी तीन फेऱ्या मारल्या, फक्त ते बघायला.

रॉटरडॅम

आमच्याकडे रविवारी दुकानं उघडी असतात, सॉरी! पण सायकल काढाच. रस्त्यांच्या जोडबिंदूंना आकडे दिलेत. नकाशात बघून आकडे कागदावर लिहायचे, कागद हँडलला चिकटवायचा आणि पाट्या बघत जायचं. वारा समोरून असेल तर मात्र चढ नसलेल्या या नेदरलँड्समध्ये घाट चढल्यासारखं वाटतं. किंडरडाइकच्या १९ पवनचक्क्या (१९९७पासून जागतिक वारसा) बघायला जलबसने जाता येतं. पाणी उपसायला बांधलेल्या या चक्क्यांत आजही कुटुंबं राहतात. जागतिक वारशाच्या दारात कुणाचे तरी टॉवेल वाळत घातलेले पाहिले आणि बरं वाटलं.

म्युनिक

रविवारी सरकारी चित्रसंग्रहालयांत तिकीट १ युरो. त्यांतल्या आल्टे पिनाकोथेकमध्ये जर्मन चित्रकार ड्युररचं १५०० सालचं आत्मचित्र आहे, तेवढंच बघून परत यायचं. एका दिवसात सगळं बघायच्या हट्टाने पाय दुखतात, बाकी काही होत नाही.

वॉर्सा

मी कोल्हापूरचा, त्यामुळे जरा लांबण लावतो. मेच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत दर रविवारी दुपारी बारा आणि चारला वाझिएन्की बागेत पोलिश संगीतकार शोपँच्या पुतळ्यापाशी पियानोवादन असतं. फुकट, १९५९पासून. लोक गवतावर चादरी टाकून बसतात, पोरं आइस्क्रीम खातात, पण पियानो सुरू झाला की बोलणं बंद.

तिथे शेजारी बसलेल्या एका काकूंनी विचारलं, कुठले? मी सवयीने म्हटलं, मुंबईजवळचा. (पावणेचारशे किलोमीटर म्हणजे जवळच!) नेमकं गाव सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "वळिवडे?" माझ्या तोंडून शब्द फुटेना. दुसऱ्या महायुद्धात पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित, त्यांत बायका आणि मुलंच जास्त, कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले, १९४३ ते १९४८. काकूंची आई त्यांतलीच. पुढच्या रविवारी त्यांनी मला माँटे कॅसिनोच्या लढाईच्या स्मारकाजवळचं कोल्हापूरचं स्मारक दाखवलं. मी लहानपणी वळिवड्यावरून शंभरदा गेलोय, एकदाही उतरलो नव्हतो.

स्टॉकहोम

तुम्ही सगळे हिंडताय, आमचा रविवार तळघरात जातो. इमारतीचं सामाईक धुणंघर, तक्त्यावर घराचा आकडा असलेलं छोटं कुलूप अडकवून वेळ राखायची. दहा मिनिटं उशीर झाला की यंत्रावर चिठ्ठी, अत्यंत सभ्य आणि अत्यंत रागीट. डिसेंबरात तीनच्या आत सूर्य मावळतो, कपडे वाळेपर्यंत रात्र.

लाइपझिग

नवीन आहे, गेल्या मंगळवारीच आलो. आज रविवार, दूध नाही, चहा अडलाय. कुठे मिळेल?

श्टुटगार्ट

मुख्य स्टेशनवर जा, तिथली दुकानं उघडी असतात. येताना काचेची बाटली आणू नकोस.