सूचना लावली म्हणजे झालं असं नाही
भेदभावविरोधी सूचना वेबसाइटवर आली की अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजचं (दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजचं) काम संपलं, असं काहीजण म्हणतात. नाही पटत. १९७२च्या टायटल नाइननुसार, म्हणजे शिक्षणात लिंगभेदाला बंदी घालणाऱ्या कायद्यानुसार, समन्वयक नेमून त्याचा फोन, ईमेल जाहीर करावा लागतो. खरी गळती अपंग विद्यार्थ्यांची होते. हायस्कूलची आयईपी, म्हणजे अपंग विद्यार्थ्यासाठी आखलेली वैयक्तिक शिक्षण योजना, कॉलेजात आपोआप लागू होत नाही. विद्यार्थ्यानं स्वतः अपंगत्व-सेवा कार्यालयात जाऊन सवलत मागायची असते. हे कुणी सांगतच नाही, मग परीक्षेच्या आदल्या दिवशी धावपळ! प्रवेशाच्या पहिल्याच ईमेलमध्ये हे लिहा.

मुदतीतही लोक फसतात. संघीय शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे भेदभावाच्या तक्रारीला घटनेपासून १८० दिवस असतात. आधी कॉलेजकडे तक्रार केली असेल, तर तिथली प्रक्रिया संपल्यावर नवे १८० मिळत नाहीत, फक्त ६०.