आरोग्य विज्ञान विद्यापीठ : शिक्षणसंस्था की परीक्षा मंडळ?

सह्यगिरी (प्रस्ताव)
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली नाशिकला स्थापन झाले, तेव्हा मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज दीडशे वर्षांचे जुने होते. पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय आणि सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था यांनाही याच विद्यापीठाची पदवी मिळते आणि कालपरवा सुरू झालेल्या जिल्ह्याच्या कॉलेजलाही तीच मिळते. तरी या ठिकाणांहून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरांत फरक दिसतो, कारण विद्यार्थी घडतो तो वॉर्डात. विद्यापीठ तेथे पोहोचते ते संलग्नतेसाठी, म्हणजे कॉलेजला विद्यापीठाशी जोडून घेण्याच्या मान्यतेसाठी, येणाऱ्या स्थानिक चौकशी समितीच्या रूपाने, आणि समिती यायच्या दिवशी अनेक रुग्णालयांतील खाटा एकाएकी कशा भरतात, हे या क्षेत्रातल्या कोणालाही सांगावे लागत नाही. माझ्या मते हे विद्यापीठ आज मुख्यतः परीक्षा मंडळ आहे.

बाह्यपरीक्षक
सह्यगिरी, आपण विद्यापीठाकडून जे मागता त्यातले बरेचसे त्याच्या हातात नाही. प्रवेश ‘नीट’ या प्रवेश परीक्षेतून होतात, वैद्यकीय अभ्यासक्रमाची चौकट राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आखतो आणि सरकारी कॉलेजांतील शिक्षकांच्या नेमणुका राज्य शासन करते. उरते ती परीक्षा, आणि ती क्षुल्लक नाही. १९९८ पूर्वी ही कॉलेजे मुंबई, पुणे, नागपूर, शिवाजी, मराठवाडा अशा विद्यापीठांत विभागलेली होती आणि कला-वाणिज्याच्या पसाऱ्यात वैद्यक ही एक विद्याशाखा होती. आज प्रात्यक्षिकाला दुसऱ्या कॉलेजचा परीक्षक बसतो. याउलट अभिमत विद्यापीठात शिकवणारी, परीक्षा घेणारी आणि पदवी देणारी संस्था एकच असते. शिवाय तिची फीही पालकांना ठाऊक आहेच. तेव्हा परीक्षा मंडळ हा शब्द मला शिवीसारखा वाटत नाही.

रात्रपाळी
आपण दोघेही एमबीबीएसपलीकडे गेलेला नाहीत. या विद्यापीठात दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, फिजिओथेरपी आहे आणि बी.एस्सी. नर्सिंगही आहे. मी परिचारिका आहे, म्हणून एक विसंगती मांडते. बी.एस्सी.ची परीक्षा विद्यापीठ घेते, पण जी.एन.एम. (सामान्य परिचर्या व प्रसूतिसेवा) पदविका राज्याच्या वेगळ्या शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाकडे आहे. पदवी आणि पदविका घेतलेल्या दोघी परिचारिकांची नोंदणी एकाच परिषदेत होते, दोघी एकाच वॉर्डात रात्रपाळी करतात आणि नव्या मुलीला सलाइनचा वेग कसा मोजायचा हे बहुधा सीनियर सिस्टरच शिकवते. नर्सिंगचे वर्ग भरवणाऱ्या पण स्वतःचे रुग्णालय नसलेल्या संस्थांतील विद्यार्थिनींना दुसऱ्याच्या रुग्णालयात पाहुण्यांसारखे उभे राहावे लागते. सह्यगिरींनी विद्यापीठाला धारेवर धरायचे असेल तर येथे धरावे, कारण बी.एस्सी.च्या कॉलेजांना संलग्नता तेच देते.

सह्यगिरी
रात्रपाळी ताईंचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. बाह्यपरीक्षक, अभ्यासक्रम आयोगाचा हे मान्य. पण संलग्नता तर विद्यापीठाची? चौकशी समितीचा प्रत्येक अहवाल, म्हणजे किती खाटा, किती रुग्ण, किती शिक्षक प्रत्यक्ष हजर, हे सारे संकेतस्थळावर सहज सापडेल असे ठेवावे आणि भेट न कळवता द्यावी. २०२४ च्या ऑक्टोबरात राज्यात एकाच दिवशी दहा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. तेथे शरीररचनाशास्त्र शिकवायला पुरेशी माणसे आहेत की नाहीत, हे पालकाला प्रवेशाआधी कळायला नको का?

बाह्यपरीक्षक
अहवाल उघडे ठेवण्यास माझा विरोध नाही. मात्र पुढच्या पायरीला आहे. त्या दहांत गडचिरोली, हिंगोली, वाशीम आहेत. शिक्षक अपुरे म्हणून विद्यापीठाने संलग्नता रोखली, तर शासन शिक्षक पाठवीलच असे नाही, मात्र कॉलेजशी जोडलेल्या जिल्हा रुग्णालयाला मिळू लागलेले डॉक्टर नक्की थांबतील. मुंबई-पुण्याचे कडक निकष तेथे लावून गडचिरोलीच्या रुग्णाला आपण काय देणार?

रात्रपाळी
त्याच रुग्णाला अर्धवट शिकलेला डॉक्टर आणि अर्धवट शिकलेली परिचारिका चालेल, असे गृहीत धरण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?