पेन ड्राइव्ह सरळ ओढावा की अनमाउंट करावा, आणि नवशिक्याला नेमके काय शिकवावे?

कातळसडा (राजापूर)

काल एका सदस्याने येथे ठामपणे लिहिले की, लिनक्स या संगणक प्रणालीवर नव्याने आलेल्या माणसाला माउंट-अनमाउंट, म्हणजे ड्राइव्ह वापरासाठी जोडणे आणि काढण्यापूर्वी सोडवणे, शिकवणे ही जुन्या मंडळींची हौस आहे. डेस्कटॉप ड्राइव्ह आपोआप जोडतो, आणि काढताना आपण तो सरळ ओढतो, आजवर काही बिघडलेले नाही. यातल्या पहिल्या भागाशी माझे भांडण नाही. दुसऱ्या भागाला सविस्तर उत्तर देणे भाग आहे, कारण शाळेच्या संगणक खोलीत अशा ओढाओढीचे परिणाम मलाच निस्तरावे लागतात.

कॉपीची पट्टी भरली म्हणजे फाइल ड्राइव्हवर उतरली, हा समज चुकीचा आहे. लिनक्स फाइल आधी मेमरीत घेतो आणि मग सवडीने ड्राइव्हवर लिहितो. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) मूळ मांडणीत असा न लिहिलेला डेटा ३० सेकंद जुना झाला की लिहिण्याच्या रांगेत येतो, आणि उपलब्ध मेमरीच्या २० टक्क्यांपर्यंत तो साचू दिला जातो. रॅम भरपूर आणि पेन ड्राइव्ह स्वस्तातला असेल, तर पट्टी बघता बघता भरते आणि खरे लिखाण त्यानंतर कितीतरी वेळ चालू राहते. ज्यांचा विश्वास बसत नाही त्यांनी एखादी मोठी फाइल कॉपी करावी आणि पट्टी नाहीशी होताच ‘प्रॉक’ फोल्डरातल्या ‘मेमइन्फो’ या फाइलमधली ‘डर्टी’ (अजून न लिहिलेला डेटा) ही ओळ पुन्हा पुन्हा उघडून पाहावी. शेकडो एमबींचा आकडा हळूहळू खाली येताना दिसेल. तो उतरण्याआधी ड्राइव्ह ओढणे म्हणजे दाभोळच्या फेरीबोटीतून निम्म्या गाड्या उतरलेल्या असताना बोट मागे घेण्यासारखे आहे.

म्हणून माझ्या वर्गात एलएसबीएलके (जोडलेल्या ड्राइव्हची यादी दाखवणारी), माउंट आणि यूमाउंट (अनमाउंट करणारी) या तिन्ही आज्ञा पहिल्याच आठवड्यात शिकवल्या जातात, आणि पुढेही शिकवल्या जातील.

रापण (मालवण)

ते लिहिणारा सदस्य मीच. नाव घेतले असते तरी चालले असते.

कातळसडा सर, आपले आकडे बरोबर आहेत, पण निष्कर्ष उलटा आहे. डेस्कटॉपच्या मागे यूडिस्क्स नावाची जी व्यवस्था काम करते, ती फॅट पद्धतीचा (फॅट म्हणजे ड्राइव्हवर फाइली मांडण्याची जुनी पद्धत) पेन ड्राइव्ह जोडताना स्वतःहून ‘फ्लश’ हा पर्याय लावते, त्यामुळे डेटा मेमरीत रेंगाळत न राहता लवकर लिहिला जातो. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, हाताने माउंट करणाऱ्याला हा पर्याय आठवणीने द्यावा लागतो. आपले विद्यार्थी तो देतात का? दिला नाही, तर आपण सांगितलेला धोका आपल्याच पद्धतीत अधिक आहे.

शिवाय सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारी आज्ञा) लावून माउंट केलेल्या फॅट ड्राइव्हची मालकी रूटकडे, म्हणजे प्रशासकाकडे, जाते, म्हणून मुलांना त्यावर लिहिता येत नाही, आणि मग पुढचा तास ‘परवानगी नाही’ या संदेशावर खर्ची पडतो. यूटीएफ८ चा (देवनागरीसारख्या लिप्या दाखवणाऱ्या संकेताचा) पर्याय राहून गेला, तर काही यंत्रांवर ‘पालखी’ नावाच्या फोल्डरच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे दिसतात. माझ्या दुरुस्तीच्या दुकानात येणाऱ्या माणसाला त्याचे फोटो हवे असतात, आज्ञा नकोत. आणि विंडोज १० मध्ये १८०९ या आवृत्तीपासून ड्राइव्ह झटपट काढण्याचे धोरण मुळातच लागू आहे. लोकांना तीच सवय आहे.

सुरंगी (गुहागर)

आज्ञांच्या हौसेचा एक अनुभव सांगते. आमच्या वाचनालयात सूचीची नक्कल बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवतात. गणपतीला आलेल्या एका उत्साही चाकरमान्याने ती डिस्क ‘कायमची जोडून देतो’ म्हणून एफएसटॅबमध्ये (संगणक सुरू होताना कोणते ड्राइव्ह जोडायचे त्या यादीत) तिची ओळ घातली आणि तो मुंबईला परत गेला. पुढे कोणीतरी डिस्क काढून कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी संगणक सुरू करताच दीड मिनिट थांबून काळ्या पडद्यावर आणीबाणीचा संदेश आला, आणि आमच्या ग्रंथपाल मावशींनी संगणक गेला असे समजून वीज बंद केली. त्या ओळीत ‘नोफेल’ हा एक शब्द असता, तर डिस्क नसतानाही संगणक निमूट सुरू झाला असता. अर्धवट शिकलेल्या आज्ञेपेक्षा न शिकलेली बरी, असे माझे मत झाले आहे.

ओहोळ

मी अगदी नवीन आहे. ड्राइव्ह काढण्याचे बटण दाबल्यावर ‘टार्गेट इज बिझी’ असा संदेश येतो. काय करावे?

कातळसडा

रापण, ‘फ्लश’चा मुद्दा मान्य करतो, नाइलाजाने, पण करतो. मात्र तो पर्याय फॅटपुरताच आहे. ३२ जीबीच्या वरची मेमरी कार्डे एक्सफॅट (फॅटच्या घराण्यातली नवी पद्धत) असतात, त्यांना यूडिस्क्स तो लावत नाही. म्हणजे आपला ‘काही बिघडत नाही’ हा दाखला जुन्या, लहान पेन ड्राइव्हवर उभा आहे. विंडोजची सवय लिनक्सवर चालवून घ्या, हा युक्तिवाद तर मला कळलाच नाही.

सुरंगीताई, चाकरमान्याच्या अज्ञानाचा राग आज्ञांवर काढू नये.

भातखाचर (कुडाळ)

आपण सगळे फांद्या तोडत बसला आहात. मूळ दुखणे फॅट हेच आहे. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. आमच्याकडे जत्रेत दशावताराचे रात्रभराचे चित्रीकरण होते, ते एका फाइलमध्ये जोडून पेन ड्राइव्हवर घालायला गेले की चार जीबींवर अडते. फॅटला जर्नलही (बदलांची आगाऊ नोंदवही) नाही. मध्येच वीज गेली की फाइलींची यादी विस्कटते, आणि आमच्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाते हे विचारू नका. सर्व पेन ड्राइव्ह ईएक्सटी४ (लिनक्सची स्वतःची, जर्नल असलेली पद्धत) करून टाकावेत, वाद संपेल.

रापण

वाद संपेल आणि डेटाही संपेल. ईएक्सटी४ चा पेन ड्राइव्ह घेऊन झेरॉक्सच्या दुकानात जाऊन पाहा. तिथल्या विंडोजला तो वाचता येत नाही, तो ‘वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावे लागेल’ असे विचारतो, आणि काउंटरवर गर्दी असलेला मुलगा ‘हो’ दाबतो. सातबारा, दाखले, बागेचा हिशेब, सगळे गेले. असे ड्राइव्ह माझ्याकडे रडत रडत येतात, आणि त्यातले सगळेच परत मिळत नाहीत.

भातखाचर

झेरॉक्सवाल्याच्या अडाणीपणासाठी आम्ही निकृष्ट पद्धत का वापरावी? आपल्या दुकानाचा धंदा त्यावर चालतो, म्हणून ती आपल्याला प्रिय असावी.

रापण

धंद्यावर आलातच, तर ऐका. परत मिळवून दिलेल्या फाइलींपैकी निम्म्यांचे पैसे मी घेत नाही, कारण समोर दहावीचा मुलगा असतो. आपल्या चित्रीकरणाची काळजी आपल्याला आहे. त्याच्या प्रकल्पाची मला आहे.

आणि आपली योजना लिनक्सवरसुद्धा चालत नाही. ईएक्सटी४ वर मालकी क्रमांकाने लिहिली जाते. आपल्या यंत्रावर आपण १००० क्रमांकाचे वापरकर्ते असाल आणि शाळेच्या यंत्रावर विद्यार्थी १००१ क्रमांकाचा असेल, तर तो आपल्या ड्राइव्हवर काहीही लिहू शकणार नाही. हे आपण करून पाहिले आहे का?

सुरंगी

दोघांनीही आवाज खाली घ्यावा. एक्सफॅट वापरावे, इतके साधे उत्तर आहे. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याचा तपशील खुला केला आणि २०२० च्या ५.७ कर्नलपासून त्याचा चांगला ड्रायव्हर लिनक्समध्येच आहे. चार जीबींची अडचण नाही, झेरॉक्सवालाही वाचतो.

भातखाचर

एक्सफॅटलाही जर्नल नाही.

सुरंगी

नाही, म्हणूनच तर तो नीट अनमाउंट करून काढायचा! सकाळपासून चर्चा कशावर चालली आहे?

भातखाचर

ठीक आहे. पेन ड्राइव्ह एक्सफॅट करा. घरात राहणारी नकलेची डिस्क मात्र मी ईएक्सटी४च ठेवणार, ती कोणाच्याही झेरॉक्सच्या दुकानात जात नाही.

रापण

याला माझी हरकत नव्हतीच. आपण ‘सर्व’ म्हणालात, म्हणून बोललो. आणि सर, एक्सफॅटवर आपण जिंकलात, असे समजा. दुकानात ‘ड्राइव्ह काढण्यापूर्वी बाणाचे बटण दाबावे’ अशी पाटी लावतो. खाली आपले नाव घालू का? यूमाउंट मात्र मी कोणाला शिकवणार नाही.

कातळसडा

नाव नको, बटण पुरे. पहिल्या आठवड्यात मीही आता बटणच दाखवीन, आज्ञा दुसऱ्या महिन्यात. पण ‘डर्टी’चा आकडा उतरताना पहिल्याच दिवशी दाखवणार. मुलांना तो एकदा दिसला की सांगावे लागत नाही.

ओहोळ

माझ्या प्रश्नाचे उत्तर कोणी देईल का? ड्राइव्ह अजून संगणकालाच आहे.

सुरंगी

क्षमा असावी. त्या ड्राइव्हवरची एखादी पीडीएफ किंवा फोटो उघडा राहिला असेल, तो बंद करा. टर्मिनल त्याच फोल्डरात उभे असेल तर ‘सीडी’ लिहून एंटर दाबा, म्हणजे ते तुमच्या घरच्या फोल्डरात परत येईल. तरीही संदेश आला, तर ‘एलएसओएफ’ ही आज्ञा आणि पुढे ड्राइव्हच्या फोल्डरचा पत्ता लिहा. कोणत्या प्रोग्रॅमने तो धरून ठेवला आहे ते दिसेल. उबुंटूवर हा पत्ता ‘मीडिया’ फोल्डरात तुमच्या नावाखाली असतो, फेडोरावर ‘रन’मधल्या ‘मीडिया’त. हार्ड डिस्क असेल तर बटण दाबल्यावर तिचे फिरणे थांबेपर्यंत वायर काढू नका.

ओहोळ

फोटो उघडा होता. निघाला.