अनुभव धागा: गावच्या हायस्कुलात गणित शिकवताना

धागाकर्ती (दारव्हा, यवतमाळ)
गावाकडे गणित शिकवणाऱ्यांनो, या विषयाकडे कसे आलात आणि वर्गात कशावर अडून बसता, ते इथे लिहा. सुरुवात मी करते.

माझे वडील सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारे शेतगडी. पाडव्याला साल ठरायचं, वर्षभराची उचल आणि खाडे त्यातून वजा व्हायचे. मालकाची वही उघडायच्या आत बाबांचा तोंडी हिशेब तयार असे. बी.एस्सी.ला गणित मी त्यांच्यामुळेच घेतलं. आता दहावीला 'दोन चलांतील रेषीय समीकरणे' काढताना फळ्यावर आधी काहीच लिहीत नाही. विचारते, दोघींनी मिळून ७० किलो कापूस वेचला, एकीचा १० किलो जास्त, तर कोणाचा किती? पोरी लगेच सांगतात, ४० अन् ३०. कसं गं? "वरचे दहा बाजूले ठेवा मॅडम, उरले त्याचे दोन वाटे करा." मग मी दोन समीकरणं मांडते, एकातून दुसरं वजा करते, आणि तिने तोंडी केलेली पायरी कोणती ते तिलाच दाखवायला लावते. त्याशिवाय पुढे जात नाही.

निवृत्त शिक्षक (वरूड, अमरावती)
आमचा संत्रापट्टा. बगीचा बरेचदा उक्ता जातो, व्यापारी झाडं पाहून एकरकमी आकडा सांगतो. म्हणून नववीची सांख्यिकी मी बगीच्यात शिकवायचो. सहा बाय सहा मीटरवर लागवड असेल तर हेक्टरी सुमारे २७७ झाडं, हे पोरं भागाकार करून काढत. सगळ्या झाडांची फळं मोजणं शक्य नाही, मग कोणती मोजायची? इथे खरी भांडणं लागत. "अबे, विहिरीजवळच्या झाडाले पानी जास्त, तेच काहून मोजून राह्यला?" नमुना कसा निवडावा हे मला सांगावंच लागलं नाही. दोन-तीन लदलेल्या झाडांनी मध्य (म्हणजे सरासरी) वर सरकतो आणि मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) जवळपास तिथेच राहतो, हेही धुऱ्यावर बसूनच कळायचं. एक मुलगा घरच्या सौद्याच्या दिवशी वही घेऊन व्यापाऱ्यासमोर बसला, आणि वडिलांनी त्याला विचारून आकडा सांगितला. मला त्याचा आजही अभिमान आहे.

गणित शिक्षक (लाखांदूर, भंडारा)
धानाच्या बांध्या (बांध घातलेली खाचरं) क्वचितच आयताकृती असतात. क्षेत्रफळासाठी लोक समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढतात आणि त्या दोन सरासरी गुणतात. मी चार काड्यांचा आयत सुतळीने बांधून देतो आणि तिरप्या करायला सांगतो. बाजू त्याच, क्षेत्रफळ मात्र घटलं! म्हणजे कर्ण मोजल्याशिवाय भागत नाही. मग दोन त्रिकोण आणि तीन बाजूंवरून त्रिकोणाचं क्षेत्रफळ देणारं हेरॉनचं सूत्र. बांधी आयत नसेल तर जुन्या रीतीने जमीन नेहमी खऱ्यापेक्षा जास्तच भरते. ज्यांच्या घरी शेती ठेक्याने घेतात, त्या पोरांच्या डोक्यात हे चटकन बसतं.

आश्रमशाळा शिक्षिका (धारणी, मेळघाट)
आमच्या मुली घरी कोरकू बोलतात. शाब्दिक उदाहरणात त्या अडतात ते बहुतेक वेळा मराठीपाशी, गणितापाशी नाही. म्हणून उदाहरण आधी शेजारणीला कोरकूत सांगायचं, मगच पेन उचलायचा. वर्ग गजबजतो. मला तो गजबजलेलाच हवा असतो.

तासिका तत्त्वावरचा शिक्षक (वाशीम जिल्हा)
वरचं सगळं पटतं. पण दहावीच्या गणिताचे भाग १ आणि भाग २, प्रत्येकी ४० गुणांचा लेखी पेपर डोक्यावर असतो, आणि दिवाळीनंतर पोरं वेचणीला गेली की बाक रिकामे. माझा भर पायऱ्या लिहिण्यावर आहे. पायऱ्यांना गुण मिळतात, शिवाय पोरगं कुठे अडलं ते मला वहीत दिसतं. बुडालेलं प्रकरण तुम्ही कसं भरून काढता?

धागाकर्ती
मी पुस्तकातला क्रम बदलते. वर्गसमीकरणे आणि समरूपता दिवाळीच्या आत संपवते, कारण तिथे एक तास बुडाला की पुढचे चार कळत नाहीत. अर्थनियोजन, संभाव्यता वेचणीच्या दिवसांत घेते. परत आलेल्यांना शाळेआधी अर्धा तास, आणि तो तास त्यांच्याच वर्गातली पोरं घेतात, मी मागे बसते. तुमच्याकडे सोयाबीनही निघतं, तेव्हा दसऱ्याच्या आसपासची गैरहजेरी धरूनच आखणी करा.